आप्पांचे विमान

द्वितीय वर्ष कला

आमच्या भोसरीत विमान आधी ऐकू येते, मग दिसते. लोहगावच्या बाजूने लढाऊ विमान उठले की मांडणीवरची भांडी थरथरतात, आई "आलं वाटतं" म्हणते आणि माझा धाकटा भाऊ गॅलरीकडे धावतो. तो पोहोचेपर्यंत विमान दिघीच्या बाजूला दिसेनासे झालेले असते. मागे उरतो तो आवाज, आणि तोही शेजारच्या वर्कशॉपमधल्या प्रेसच्या ठणठणाटात मिसळून जातो. लहानपणापासून विमानाशी माझा संबंध काय तो एवढाच. विमानाला फासळ्या असतात, ते टाचण्यांनी टोचून ठेवावे लागते आणि त्याच्यापायी घरातली दोन माणसे पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात, हे मला गेल्या पावसाळ्यात कळले.

गेल्या जूनमध्ये आप्पांचे काम सुटले. आप्पा म्हणजे माझे वडील. ते पॅटर्नमेकर. हा शब्द आपल्या कॉलेजात फार जणांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगते. लोखंडाची ओतीव वस्तू करायची तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून हलकेच काढून घेतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. त्या लाकडी प्रतिकृतीला पॅटर्न म्हणतात. पंपाचे कवच, गिअरबॉक्सची पेटी, मशीनचा बेड, या साऱ्या गोष्टी लोखंडाच्या होण्याआधी लाकडाच्या असतात. आंबेगाव तालुक्यातून एसटीने नाशिक रस्त्याने भोसरीला उतरलेला एक सातवी शिकलेला मुलगा एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली हे काम शिकला, आणि पुढे सव्वीस वर्षे त्याने तेच केले.

पण आता पॅटर्न लाकडाचे राहिले नाहीत. संगणकावर आराखडा होतो आणि सीएनसी मशीन ॲल्युमिनियममधून किंवा रेझिनच्या ठोकळ्यातून तो कोरून काढते. आप्पांच्या कंपनीने पॅटर्नशॉप बंद केले. शेवटच्या दिवशी आप्पा घरी आले ते एका खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि काखेत एक चपटा, धुळकट खोका घेऊन. एका साहेबांच्या केबिनमधल्या कपाटावर तो कित्येक वर्षे पडून होता. साहेबांचा मुलगा केव्हाच परदेशी गेला होता. "घेऊन जा, मुलांना होईल," असे म्हणून साहेबांनी तो दिला. खोक्यावर पिवळ्या पंखांच्या एका विमानाचे चित्र होते. आप्पांनी खोका माळ्यावर टाकला, पिशवी दाराआड टांगली आणि ते पाणी मागून खाटेवर बसले. पुढचे दीड महिना ते जवळजवळ तसेच बसून होते.

घरातल्या कर्त्या माणसाने दिवसा घरी असणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले असेल त्यालाच कळेल. आई शिवणाच्या मशीनवर वाकून जास्तीचे ब्लाउज शिवत होती. भाऊ हळू आवाजात बोलू लागला होता. मी कॉलेजातून आले की आप्पा विचारत, "झालं कालेज?" मी म्हणे, "झालं." संपले संभाषण. दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. ती गोष्ट कोणीच काढत नव्हते, आणि न काढल्यामुळे ती दिवसभर घरात फिरत होती.

जुलैतल्या एका रविवारी धो धो पाऊस पडत होता. माळ्यावर गळते की काय म्हणून भाऊ वर चढला आणि तो खोका घेऊन खाली आला. आत पातळ लाकडाच्या पट्ट्या होत्या, फासळ्यांचे आकार छापलेल्या फळ्या होत्या, पिवळ्या पडलेल्या तलम कागदाची गुंडाळी होती, वाळून दगड झालेली गोंदाची नळी होती आणि घडी घातलेला एक मोठा आराखडा होता. सोबत इंग्रजीत छापलेले चार पानांचे सूचनापत्र. मी ते वाचू लागले. आप्पा खाटेवरूनच बघत होते.

दहा मिनिटांत मी अडले. शब्द कळत होते, वस्तू कळत नव्हती. 'डायहीड्रल' नावाच्या एका शब्दापाशी तर मी पुरती थांबले. शब्दकोशात पाहिले तर तिथे दोन पातळ्यांमधला कोन असे काहीसे दिले होते. ते वाचून माझे अज्ञान इंचभरही हलले नाही. तेवढ्यात आप्पा खाटेवरून उठले, चष्मा लावला आणि आराखडा जमिनीवर पसरून त्याच्यापुढे उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी काहीच म्हटले नाही. मग समोरून काढलेल्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. पंख सपाट न्हाईत. दोन्ही टोकं वर उचललीत, घारीवानी. एक बाजू खाली कलली, की त्या बाजूला हवा जास्त उचलून धरंल आणि इमान आपसूक सरळ होईल. त्यासाठी हाये ते."

मी सूचनापत्र पुन्हा वाचले. तिथे अगदी हेच लिहिले होते.

आमच्या घरातली एक गंमत त्या दिवशी उघडी पडली. मला इंग्रजी वाचता येत होते, पण आराखडा वाचता येत नव्हता. आप्पांना आराखडा वाचता येत होता, पण इंग्रजी येत नव्हते. खोक्यातले विमान आम्हा दोघांच्या मध्ये कुठेतरी होते. आप्पा म्हणाले, "ड्रॉइंग म्हंजी काय, तीन बाजूंनी बघायचं. वरनं, समोरनं आणि बगलेनं. तिन्ही बघितल्याबिगर वस्तू कळत न्हाई." गेल्या चौदा वर्षांत मला कितीतरी शिक्षकांनी शिकवले. आप्पांनी काही शिकवण्याची ही पहिलीच वेळ होती, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

त्यांनी एक पट्टी उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला. तळहातावर ठेवून दोनदा वर-खाली केली, वास घेतला, नखाने दाबून पाहिली. "हे लाकूड हाये?" ते म्हणाले. ज्याने आयुष्यभर साग रंधला त्याला हातात काही आल्यासारखे वाटेना. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून माहिती काढली आणि संध्याकाळी त्यांना सांगितली. या लाकडाचे नाव बाल्सा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशातून ते जगभर जाते. झाड सहा ते दहा वर्षांत तोडायला येते. एक घनमीटर सागाचे वजन साधारण साडेसहाशे किलो, तर तेवढ्याच बाल्साचे सुमारे एकशेसाठ. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ साली थॉर हेयरडाल नावाचा नॉर्वेचा माणूस पाच सोबत्यांना घेऊन बाल्साच्या नऊ ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरू देशातून निघाला आणि १०१ दिवसांनी पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पोहोचला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे 'मॉस्किटो' विमान प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून बनवले होते. आणि वनस्पतिशास्त्रात या लाकडाची गणना कठीण लाकडात होते! यावर आप्पा मान हलवत म्हणाले, "शास्त्रवाल्यांनी हातात घेऊन बघितलं न्हाई वाटतं." पण बाल्सा आपल्या सावरीच्याच कुळातला आहे असे मी म्हणाले, तेव्हा त्यांना ते लगेच पटले. गावाकडे सावरीचे लाकूड हलके म्हणून ठाऊक होते. परका वाटणारा पाहुणा शेवटी आपल्याच नात्यातला निघावा, तसे त्यांना झाले.

बांधणीला आमचे तीन आठवडे गेले. जुन्या कपाटाचे एक सपाट दार काढून आप्पांनी ते दोन पाटांवर आडवे ठेवले. त्यावर आराखडा, आराखड्यावर गोंद चिकटू नये म्हणून पातळ प्लास्टिक, आणि त्यावर पट्ट्या जागच्या जागी बसवून दोन्ही बाजूंनी टाचण्या टोचायच्या. टाचण्या आईच्या. "घरात इमान करतंय व्हय कुणी?" असे ती कुरकुरत होती, तेव्हा भावाने तिला कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत ऐकवली. त्यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर खरेखुरे सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणीही झाली. आई म्हणाली, "त्यांच्या गच्चीत जागा असंल. इथं मला पोळ्या लाटायला जागा न्हाई." तरी टाचण्यांची डबी तिने पुढे सरकवली.

फासळ्या फळीतून कापून काढणे हे माझे काम. धारदार पातीने, एका फटक्यात नाही तर चार हलक्या हातांनी. बाल्सा जोर सहन करत नाही, दाबला की चिरडतो. पहिल्या दोन फासळ्या मी चिरडल्या. आप्पांनी त्यांच्याजागी नव्या कापून दिल्या, काही न बोलता.

मग ती पट्टीची गोष्ट घडली. डाव्या पंखाची पुढची कड खोक्यातच मोडलेली होती. नवी कड कापून तिच्यावर फासळ्यांसाठी दर ५० मिलिमीटरला खाच पाडायची होती. आप्पा बाहेर गेले होते. त्यांच्या पिशवीतली पोलादी पट्टी काढून मी मोठ्या ऐटीत नऊ खुणा केल्या, खाचाही पाडल्या आणि आराखड्यावर ठेवून पाहिले. पहिली खाच बरोबर वाटली, तिसरी थोडी चुकली आणि शेवटची तर साडेचार मिलिमीटर बाहेर! मी पुन्हा मोजले. पट्टीप्रमाणे सारे अचूक होते. मग आराखडाच चूक असणार असे ठरवून मी बसून राहिले.

आप्पा आले, त्यांनी कड पाहिली, माझ्या हातातली पट्टी पाहिली, आणि हसू लागले. दीड महिन्यात ते पहिल्यांदा हसत होते. ती पट्टी पॅटर्नमेकरची होती. वितळलेले लोखंड निवताना आकसते, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून त्यांच्या पट्टीवरचे आकडेच तेवढे लांब छापलेले असतात. तिच्यावरचे ४५० म्हणजे खरे चारशे साडेचौपन्न. "ही पट्टी खोटं बोलते," आप्पा म्हणाले, "पण माल खरा निघावा म्हणून."

त्यांनी दुसरी, साधी पट्टी काढून दिली. मी नवी कड केली. पण ते वाक्य मला बोचत राहिले. का, ते आता सांगते.

पहिल्या वर्षी प्रवेश घेतला तेव्हा वर्गात सगळ्यांच्या ओळखी होत होत्या. "तुझे वडील काय करतात?" असा प्रश्न आला आणि मी म्हणाले, "इंजिनिअर आहेत." कोणी मला दटावले नव्हते की हिणवले नव्हते. पण कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाची आई बँकेत, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. 'पॅटर्नमेकर' म्हटले असते तर त्याचा अर्थ सांगत बसावा लागला असता. इंजिनिअर म्हटले की विषय संपतो. त्यानंतर ते खोटे मला वर्षभर सांभाळावे लागले.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक मैत्रीण अर्थशास्त्राच्या टिपणांसाठी न सांगता घरी आली. आप्पा बनियनवर, जमिनीवर मांडी घालून, काच कागदाने पंखाची कड घासत होते. केसांवर, भुवयांवर बाल्साची पांढरी पूड. ती कौतुकाने म्हणाली, "अय्या, काका विमान करताहेत! इंजिनिअर आहात, म्हणूनच जमतं तुम्हाला."

आप्पांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे रागाचे नव्हते. रागाचे असते तर बरे झाले असते. मग ते तिला म्हणाले, "इंजिनिअर न्हाई गं बाई. मी पॅटर्नमेकर. इंजिनिअर कागदावर काढतो, आम्ही ते हातात घेता येईल असं करतो." आणि त्यांनी तिला पॅटर्न म्हणजे काय ते सांगितले, वाळूचा साचा सांगितला, ती खोटी पट्टीसुद्धा दाखवली. मैत्रीण अर्धा तास ऐकत बसली. मी आत चहा करत होते. चहाला उकळी येऊन गेली तरी बाहेर येण्याचा धीर होईना.

ती गेल्यावर आप्पांनी तो विषय काढला नाही. त्या रात्रीही नाही, नंतरही नाही. मीच दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुसता पुसता म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं." ते म्हणाले, "तो खालचा पंख धर. वाळेपातुर हलू देऊ नको." मी अर्धा तास पंख धरून बसले. पट्टी खोटे बोलते ते माल खरा निघावा म्हणून. माझ्या खोट्यातून काय खरे निघाले होते?

पंखावर कागद चढवणे हे सर्वांत नाजूक काम. खोक्यातला कागद घडीवर फाटत होता, म्हणून पतंगाचा पिवळा कागद आणला. पातळ केलेल्या गोंदाने तो सांगाड्यावर चिकटवला तर जागोजाग सुरकुत्या. सूचनापत्र म्हणत होते की वरून पाण्याचा हलका फवारा मारा. ते ऐकून आई मशीनवरून उठली, इस्त्रीसाठी ठेवलेली फवाऱ्याची बाटली आणली आणि कपड्यावर मारावा तसा फवारा मारला. कागद आधी लोळागोळा झाला, आता सगळे संपले असे वाटले. पण वाळू लागला तसा ताणला गेला आणि सकाळी ढोलकीच्या पुडीसारखा टणक लागला. त्यावर लॅकरचा पातळ हात आप्पांनी दिला. पंखाला पीळ पडू नये म्हणून रात्रभर तो दारावर टाचण्यांनी जखडून ठेवला. वाण्याच्या तराजूवर वजन केले तेव्हा सारे विमान भरले १४० ग्रॅम. पंखांची लांबी ९०० मिलिमीटर आणि वजन एका बटाट्याएवढे!

त्या दिवसांत मी राइट बंधूंविषयी वाचत होते. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे घरी आणले, आणि ते पाहून त्या दोघा मुलांना उडण्याचा नाद लागला. मी हे आप्पांना सांगितले. त्यांनी विचारले, "मग ती पोरं कुठल्या कालेजात शिकली?" मी म्हणाले, "दोघंही कॉलेजात गेले नाहीत. सायकलचं दुकान होतं त्यांचं." आप्पांनी काच कागद झटकला. "मग आपल्यातलेच की."

स्वातंत्र्यदिनानंतरच्या रविवारी पहाटे आम्ही गावजत्रा मैदानावर गेलो. पाऊस थांबला होता, वारा नव्हता, मैदानाच्या एका कडेला दोन म्हातारे फेऱ्या मारत होते. विमानाला मोटार नव्हती. हाताने सोडायचे आणि हवेवर तरंगू द्यायचे. पहिल्यांदा भावाने फेकले, क्रिकेटचा चेंडू फेकावा तसे. विमानाने नाक वर केले, क्षणभर हवेत थबकले आणि शेपटीकडून खाली आले. नाकाला चीर गेली. भाऊ रडवेला झाला. आप्पा म्हणाले, "नाक हलकं पडतंय." पंखांखाली दोन बोटे ठेवून त्यांनी तोल पाहिला. आराखड्यावर तोलाची खूण पंखाच्या रुंदीच्या पुढल्या एक तृतीयांशावर होती, आमचा तोल त्याच्या मागे पडत होता. खिशातून दोन वॉशर काढून त्यांनी नाकात बसवले आणि चिरेवर चिकटपट्टी गुंडाळली. आता विमान सरळ जमिनीत घुसले. एक वॉशर काढला.

तिसऱ्यांदा ते माझ्या हातात देत म्हणाले, "फेकू नको. नुसतं पुढं सोड, थोडं खालच्या अंगाला. जायचं ते त्याचं ते जाईल."

मी सोडले. ते गेले. आवाज न करता. आमच्या भोसरीत आवाज न करता काही जाते, हेच मला नवे होते. मी आकडे मोजत होते, नऊपर्यंत आले तेव्हा ते ओल्या गवतावर पोटावर टेकले आणि थोडे घसरून थांबले. आप्पा पावले मोजत गेले, बेचाळीस. विमान उचलून त्यांनी आधी डावा पंख पाहिला, माझ्या कडेचा. मग म्हणाले, "सरळ हाये."

दोन म्हाताऱ्यांपैकी एकांनी विचारले, "पोरानं केलं का?" आप्पा म्हणाले, "पोरीनं. मी मदतीला व्हतो."

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते, पण खऱ्या गोष्टी तशा संपत नाहीत. आप्पांना पॅटर्नचे काम पुन्हा मिळाले नाही. सप्टेंबरपासून ते मोशीला एका शेडमध्ये लाकडी पॅकिंग पेट्या करतात. पगार पूर्वीच्या निम्मा. तिथे पट्टी साधीच चालते. मिलिमीटरचे कोणी विचारत नाही, खिळे मोजतात. फी दोन हप्त्यांत भरली, एक आईच्या ब्लाउजांतून आणि एक आप्पांच्या पेट्यांतून. विमान आमच्या बाहेरच्या खोलीत छताला दोऱ्याने टांगलेले आहे. पंखा लावला की ते सावकाश वळते आणि वीज गेली की थांबते.

एवढे मात्र सांगायचे आहे. दुसऱ्या सत्रात शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'पालकांचा व्यवसाय' अशी एक रिकामी जागा आली. मी लिहिले, 'पॅटर्नमेकर'. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला आणि विचारले, "पॅटर्नमेकर म्हणजे काय गं?"

माझ्यामागे मोठी रांग होती. तरी मी सगळे सांगितले.